न मोजलेल्या वाऱ्याचं बिल

भारताच्या सागरी पवनऊर्जेबद्दलचा कुठलाही सरकारी कागद उचला, एक वाक्य थोड्याफार फरकाने त्यात सापडतंच. उपग्रहांकडून मिळालेली आणि अन्य स्रोतांतली माहिती वापरून केलेल्या प्राथमिक अभ्यासानुसार गुजरात आणि तमिळनाडू या दोन राज्यांच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी आठ क्षेत्रं योग्य आढळली आहेत, असं ते वाक्य. वाचताना त्यात काही खटकत नाही. पण त्या वाक्यावर पुढे बरंच काही रचलं गेलं. दोन राज्यांची मिळून सुमारे ७० गिगावॉट क्षमता हा आकडा आला. २०२२ पर्यंत ५ आणि २०३० पर्यंत ३० गिगावॉट हे २०१८ मध्ये जाहीर झालेलं लक्ष्य आलं. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले ७,४५३ कोटी रुपयेही आले. (त्याच दिवशी वाढवण बंदरालाही मंजुरी मिळाली. महाराष्ट्रात त्यामुळे पवनऊर्जेच्या निर्णयाकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही.) या प्रवासात ‘प्राथमिक’ हा शब्द कुठे गळून पडला ते कळत नाही.

२०२२ साल उलटलं तेव्हा आपल्या समुद्रात वीज देणारी एकही पवनचक्की उभी नव्हती. त्यानंतर निविदा निघाल्या, त्यांच्या मुदती वाढत राहिल्या. याचं खापर महाग तंत्रज्ञान, बंदरांची तोकडी सोय, जहाजांचा तुटवडा यांच्यावर फोडलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण एक कारण क्वचितच बोललं जातं: आपण समुद्रावरचा वारा पुरेसा मोजलेलाच नाही. जो काही मोजला, तो बहुतांशी सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून. उपग्रहाने केलेल्या त्या मोजणीचं मला मनापासून कौतुक आहे. ती कुठे संपते हे मात्र ती वापरणाऱ्यांनी सांगायला हवं, आणि तिथून पुढची मोजणी सरकारने सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक मालकीची म्हणून करायला हवी. ती केली नाही तर त्याची किंमत शेवटी वीजग्राहकाच्या बिलात येते. ती कशी येते हे कळायला आधी उपग्रह नेमकं काय पाहतो ते पाहिलं पाहिजे.

अलिबागकडच्या आमच्या गावात एक तांडेल होते. पाणी सपाट असताना ते दूर बोट दाखवून म्हणायचे, “काटा आला बघ.” आम्हा पोरांना काही दिसायचं नाही. थोड्या वेळाने कळायचं की दूरवर पाण्याचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा काळपट, खरबरीत दिसतोय. वाऱ्याची झुळूक तिथे पोचलेली असायची, आमच्यापर्यंत यायला अजून पाच मिनिटं. अंगावर शहारा यावा तशा बारीक लहरी पाण्यावर उठतात, त्याला ते काटा म्हणत.

स्कॅटरोमीटर हे उपग्रहावरचं रडार हाच काटा वाचतं. ते समुद्राकडे तिरक्या कोनात सूक्ष्मलहरी सोडतं. पाणी आरशासारखं गुळगुळीत असेल तर त्या लहरी पलीकडे निघून जातात, परत काहीच येत नाही. वारा सुटला की पाण्यावर दोन ते पाच सेंटीमीटर लांबीच्या चिमुकल्या लाटा उठतात, आणि रडारच्या लहरींशी त्यांची लांबी जुळली की काही ऊर्जा उलट फिरून उपग्रहाकडे येते. वारा जितका जास्त, तितकी परतफेड जास्त. वेगवेगळ्या दिशांनी पाहिलं की वारा कुठून कुठे वाहतोय हेही काढता येतं. मोठ्या लाटांशी, ज्या आपल्याला किनाऱ्यावरून दिसतात आणि ज्यांच्यामुळे होडी हेलकावते, त्यांच्याशी याचा थेट संबंध नाही. त्या लाटा दोन दिवसांपूर्वी हजार किलोमीटरवर उठलेल्या वाऱ्याच्याही असू शकतात. काटा मात्र आत्ताच्या, तिथल्याच वाऱ्याचा असतो.

दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम करणाऱ्यांना समुद्रावरून येणारी ही परतफेड डोकेदुखी वाटे, कारण तिच्यात शत्रूची जहाजं हरवत. तो कचरा किती आहे हे वाऱ्यावर ठरतं असं लक्षात आल्यावर लोकांनी कचराच मोजायला घेतला. १९७८ मध्ये सोडलेला सीसॅट उपग्रह जेमतेम साडेतीन महिने चालला आणि वीजयंत्रणेतल्या बिघाडाने बंद पडला, पण अवकाशातून वारा मोजता येतो हे त्याने दाखवून दिलं. पुढे १९९९ ते २००९ अशी दहा वर्षं क्विकस्कॅट चालला. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचा ॲस्कॅट २००६ पासून आहे. आपल्या इस्रोने २००९ मध्ये ओशनसॅट-२, २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३ अशी याच कामाची यंत्रं वर पाठवली. या सगळ्यांच्या नोंदी जोडल्या तर अरबी समुद्राच्या वाऱ्याचा पंचवीस वर्षांचा इतिहास हाती येतो. जमिनीवरचा कुठलाही मनोरा एवढा मोठा समुद्र इतकी वर्षं पाहू शकत नाही. यातली बरीचशी माहिती कोणालाही फुकट उतरवून घेता येते, आणि माझ्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. त्याकडे पुढे येतो.

आता अडचणी. त्या शास्त्रज्ञांपासून लपलेल्या नाहीत, त्यांच्या शोधनिबंधांत त्या पानोपानी लिहिलेल्या असतात. रंगीत नकाशा सादरीकरणात चिकटवला जातो तेव्हा त्या गळतात.

पहिली अडचण उंचीची. काटा पाण्यावर असतो. त्यावरून काढलेला वेग पाण्यापासून दहा मीटर उंचीवरचा समजला जातो. आजच्या सागरी पवनचक्कीचा मध्य असतो दीडशे मीटर किंवा त्याच्याही वर. मधल्या एकशे चाळीस मीटरांत वारा किती वाढतो हे उपग्रहाला दिसत नाही, ते सूत्राने काढावं लागतं. उंचीबरोबर वारा किती झपाट्याने वाढतो हे सांगणारा घातांक त्या सूत्रात असतो, आणि समुद्रावर तो साधारण ०.११ धरण्याची रीत आहे. पण हवा स्थिर आहे की खालून तापून ढवळली जातेय यावर हा घातांक खालीवर होतो. समजा, दहा मीटरवर सेकंदाला ६ मीटर वारा आहे. घातांक ०.०८ धरला तर दीडशे मीटरवर साडेसातच्या किंचित खाली येतो, ०.१४ धरला तर पावणेनऊच्या वर जातो. फरक सव्वा मीटरचा, म्हणजे किरकोळ वाटेल. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, आणि घन केला की या दोन उत्तरांत ६० टक्क्यांहून जास्त तफावत पडते. एका ठरावीक वेगानंतर चक्की पूर्ण क्षमतेवर पोचते, त्यापुढे जास्त वाऱ्याचा उपयोग नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष विजेत ही तफावत थोडी बोथट होते. तरी तीच जागा, तोच उपग्रह, तोच दिवस, आणि निव्वळ एका गृहीतकामुळे प्रकल्प फायद्याचा किंवा तोट्याचा ठरू शकतो. उन्हाळ्यात कोकण-गुजरातच्या तापलेल्या जमिनीवरची हवा तुलनेने थंड पाण्यावर सरकते तेव्हा हवेचे थर स्थिर होतात आणि हा घातांक पुस्तकातल्यापेक्षा वेगळा असायची शक्यता सगळ्यात जास्त असते.

दुसरी अडचण किनाऱ्याची. स्कॅटरोमीटर समुद्राकडे पंचवीस, फार तर साडेबारा किलोमीटरच्या चौकटींतून पाहतो. चौकटीत जमिनीचा तुकडा आला की जमिनीची तीव्र परतफेड वाऱ्याची खूण बुडवून टाकते, म्हणून किनाऱ्यालगतचा वीस-तीस किलोमीटरचा पट्टा धूसर राहतो. आणि पवनचक्क्या लावायला सगळ्यात सोयीचा पट्टा नेमका हाच, कारण पाणी उथळ आणि किनाऱ्यापर्यंत टाकायची केबल आखूड. यावर उपाय म्हणून सार नावाचं दुसऱ्या प्रकारचं रडार वापरतात. युरोपचा सेंटिनेल-१, आपला रिसॅट-१ आणि त्यामागून आलेला ईओएस-०४ हे त्या जातीचे. ते किलोमीटरभराच्या किंवा त्याहून लहान तुकड्यातला वारा दाखवू शकतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी उत्तर समुद्रात यावर मोठं काम केलं आहे. पण असा उपग्रह एखाद्या जागेवरून काही दिवसांनी एकदा जातो. वर्षभरात हाती लागतात मोजके फोटो, आणि वारा तर तासातासाला बदलतो.

तिसरी अडचण वेळेची आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती सगळ्यात आधी कळायला हवी. हे उपग्रह दिवसातून ठरावीक घड्याळी वेळेलाच आपल्यावरून जातात. ॲस्कॅट सकाळी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास. क्विकस्कॅट जायचा सकाळ-संध्याकाळी सहाला. ओशनसॅट-२ दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. सेंटिनेल-१ पुन्हा सहाच्या आगेमागे. शाळेच्या भूगोलात आपण सगळे खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. फेब्रुवारी ते मे या काळात कोकणात सकाळी पान हलत नाही, दुपारी बाराच्या पुढे समुद्रावरून वारा सुरू होतो, तीन-चार वाजता ऐन जोरात असतो, सूर्य बुडाला की उतरतो, आणि रात्री जमिनीवरून मतलई सुटतो. मच्छीमारांचं वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या याच तालावर आहे. आता उपग्रहांच्या वेळा पुन्हा वाचा. दुपारी तीन-चारला यांच्यापैकी वर कोणीच नसतं. दिवसातला सगळ्यात मोठा वारा उपग्रहाच्या सरासरीत शिरतच नाही, किंवा सूत्राने अंदाजे घुसडावा लागतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१४ ते २०१६ या काळात रॅपिडस्कॅट हे उपकरण होतं. स्थानकाची कक्षा तशी असल्याने ते दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना एकाच जागेवरून जायचं, म्हणून दिवसभरात वारा कसा चढतो-उतरतो ते त्यातून दिसलं. ते दोन वर्षं पुरलं.

पावसाळ्याची गंमत आणखी वेगळी. आपल्याकडे खरा वारा जून ते ऑगस्टमध्ये, नैर्ऋत्य मोसमी. त्याच महिन्यांत पाऊस. ओशनसॅट आणि स्कॅटसॅटवरच्या रडारची तरंगलांबी लहान, त्यामुळे पावसाचे थेंब तिच्यात ढवळाढवळ करतात. थेंब पाण्यावर आपटून आपला वेगळा काटा उठवतात, तो वेगळाच. अशी मोजमापं बाद करावी लागतात. ॲस्कॅटची तरंगलांबी मोठी असल्याने तिच्यावर पावसाचा परिणाम कमी होतो. म्हणजे निदान आपल्या उपग्रहांपुरतं, जेव्हा वारा भरपूर तेव्हाच मोजमाप शंकास्पद.

इतकं सगळं असूनही वृत्तपत्रांत येणारे वाऱ्याचे झकास रंगीत नकाशे २५० मीटरच्या बारकाईने रंगवलेले असतात. त्यातले पुष्कळसे मुळात उपग्रहाचे नसतातच. हवामानाच्या संगणकी प्रारूपांनी ते काढलेले असतात, आणि उपग्रहाचं मोजमाप त्या प्रारूपात घातलेल्या अनेक जिनसांपैकी एक असतं. बारीक ठिपक्यांचा नकाशा बारकाईने मोजलेला असतोच असं नाही, पण बघणाऱ्याला तसं वाटतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

मग समुद्रात प्रत्यक्ष मोजलं की काय होतं? नोव्हेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने गुजरातेत पिपावाव-जाफराबादच्या किनाऱ्यापासून सुमारे २३ किलोमीटरवर एक फलाट उभारून त्यावर लायडार बसवला. लायडार लेसरचा किरण वर सोडतो आणि हवेतल्या धूलिकणांवरून परतणाऱ्या प्रकाशातून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजतो, रात्रंदिवस, दर दहा मिनिटांची सरासरी देत. पहिल्या वर्षात साधारण १०० मीटर उंचीवर सरासरी वेग आला सेकंदाला साडेसात मीटर. उत्तर समुद्रातल्या दहाच्या आसपासच्या वेगांची सवय झालेल्या युरोपीय कंपन्यांना हा आकडा कोमट वाटला असणार. पण तो आकडा खरा होता. त्या एका फलाटामुळे खंबातच्या आखातातला एक चौकोन अंदाजातून बाहेर आला. बाकीचा पश्चिम किनारा अजून बहुतांशी अंदाजातच आहे.

महाराष्ट्राचं काय, असा प्रश्न इथे येणारच. १९८६ मध्ये देशातल्या पहिल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या ओखा, तुतिकोरिन आणि रत्नागिरी इथे, ५५ किलोवॉटच्या. किनारा तेव्हापासून या गोष्टीशी जोडलेला आहे. पुढे चक्क्या साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळ्याकडे गेल्या, आणि समुद्राचा विषय निघाला तेव्हा यादीत महाराष्ट्र नव्हता. वार्षिक सरासरी कमी, हे कारण. ते खरंही असू शकेल. ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेव्हा राज्यात विजेची मागणी चढलेली असते, तेव्हा कोकणच्या समुद्रावर वारा मरगळलेला असतो हे मी नाकारत नाही. पण वार्षिक सरासरी हा फसवा आकडा आहे. वर्षभर एकसारखा ७.५ मीटर वारा आणि सहा महिने १० तर सहा महिने ५ मीटर वारा, दोन्हींची सरासरी तीच. ऊर्जा काढायला गेलात तर दुसऱ्यात पहिल्यापेक्षा तेहतीस टक्के जास्त भरते. पावसाळ्यात एकवटणारा कोकणचा वारा या दुसऱ्या जातीचा आहे. आणि ढगांमुळे सौरऊर्जा खाली येते ते हेच महिने. म्हणून ‘सरासरी कमी’ असं म्हणून पान उलटण्याआधी प्रत्यक्ष मोजून पाहायला हवं होतं, एवढंच. मोजूनही उत्तर ‘नाही’ आलं तर ते मला मान्य असेल.

मोजायला जागा नाही असंही नाही. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडलं. मुंबईपासून १६० किलोमीटरच्या आसपास, पंचाहत्तर मीटर खोल पाण्यात, पोलादी फलाट उभे आहेत, तिथे माणसं राहतात, हेलिकॉप्टर उतरतात, वीज आहे. अशा चार-पाच फलाटांवर लायडार ठेवायला नवा खांब समुद्रात रोवावा लागणार नाही. किनाऱ्याजवळ थळसमोर खांदेरीचा दीपस्तंभ आहे, मुंबईच्या तोंडाशी प्राँग्जचा आहे. खारा वारा दुपारी किती चढतो आणि कधी उतरतो हे या जागा दोन वर्षांत सांगतील. जर्मनीने उत्तर समुद्रात २००३ मध्ये फिनो-१ हा शंभरएक मीटरचा मनोरा केवळ मोजमापासाठी उभारला, आणि त्याची माहिती संशोधकांना खुली ठेवली. तिथे पवनचक्क्यांचं जंगल त्यानंतर आलं.

आता पैशाकडे. बँक वाऱ्यावर कर्ज देते तेव्हा ती सरासरी उत्पादन पाहत नाही. ती विचारते, शंभरात नव्वद वेळा किमान किती वीज नक्की मिळेल? अंदाजातली अनिश्चितता दहा टक्के असेल तर हे ‘नक्की’ उत्पादन सरासरीच्या सुमारे ८७ टक्के येतं. अनिश्चितता वीस टक्के असेल तर ७४ टक्क्यांवर उतरतं. वारा तोच, चक्की तीच. फरक फक्त आपल्याला किती माहीत आहे याचा. हे तेरा टक्के भरून काढायला कंपनी विजेचा दर वाढवून मागते किंवा सरकारकडून जास्त अनुदान मागते. मंजूर झालेल्या ७,४५३ कोटींपैकी ६,८५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॉट उभारण्यासाठी आहेत, ६०० कोटी दोन बंदरांसाठी. म्हणजे दर मेगावॉटला पावणेसात कोटींहून जास्त. यातला किती भाग महाग पोलादाचा आणि किती आपल्या अज्ञानाचा, हे कोणी वेगळं करून सांगितलेलं नाही. ६,८५३ कोटींचा एक टक्का म्हणजे ६८ कोटी. तेवढे आधी मोजणीवर खर्च केले असते तर अनुदानाची मागणीच कदाचित वेगळी आली असती.

मोठ्या कंपन्या स्वतः मोजून घेतील, सरकारने त्यात का पडावं, असं म्हणणारे आहेत. त्यांना ऑक्टोबर २०१९ ची आठवण द्यावीशी वाटते. सागरी पवनऊर्जेतली जगातली सगळ्यात मोठी डॅनिश कंपनी ऑर्स्टेडने तेव्हा जाहीर केलं की आपल्या प्रकल्पांतून वीज अंदाजापेक्षा कमी मिळणार आहे. चक्क्यांच्या रांगा एकमेकींचा वारा किती खातात, आणि समोरून येणारा वारा रांगेपाशी किती तुंबतो, हे कमी धरलं गेलं होतं. परताव्याचा अंदाज साडेसात-साडेआठ टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांवर आला आणि शेअर घसरला. दशकांच्या मोजमापांवर बसलेल्या कंपनीची ही गत.

इथे उपग्रह पुन्हा कामाला येतो, आणि यावेळी त्याच्या मोजणीवर मी कुरकुर करणार नाही. सार रडारच्या चित्रांत पवनक्षेत्रामागे पाण्यावरचा काटा विरलेला स्पष्ट दिसतो. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह या २००२ मधल्या ८० चक्क्यांच्या क्षेत्रामागे अशी सावली कित्येक किलोमीटर लांब पडलेली मोजली गेली आहे. आपल्याकडे मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे ज्याला नैर्ऋत्येचा चौकोन मिळेल तो वारा आधी खाईल, मागच्याला उष्टा मिळेल. भाडेपट्टे वाटताना हे भांडण आजच दिसतंय. ते मिटवायला तटस्थ साक्षीदार लागेल, आणि कोणाच्याही पगारावर नसलेला असा साक्षीदार वरूनच फिरतो. तीच गोष्ट वादळांची. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच सौराष्ट्र किनाऱ्यावर, दीव आणि उन्याच्या परिसरात धडकलं. जून २०२० मध्ये निसर्ग रायगड जिल्ह्यावर आलं. एखादा लायडार दोन वर्षं चालतो, त्या दोन वर्षांत वादळ आलंच नाही तर तो काहीच सांगणार नाही, किंवा ती दोन वर्षं नेमकी कमकुवत पावसाळ्याची असतील. पंचवीस वर्षांची उपग्रही नोंद सांगू शकते की ती दोन वर्षं नेहमीसारखी होती की नाही. दोघांना एकमेकांची गरज आहे: लायडार उंची आणि तास देतो, उपग्रह पसारा आणि वर्षं.

म्हणून माहितीची मालकी हा माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा. केंद्राच्या धोरणात एक मार्ग असा आहे की सरकारी संस्था आधी सर्वेक्षण करते आणि मग निविदा काढते. दुसरा मार्ग असा की समुद्रतळाचा चौकोन कंपनीला द्यायचा आणि सर्वेक्षण तिने करायचं. दुसऱ्या मार्गात त्या समुद्राबद्दल सगळ्यात जास्त माहिती कंपनीकडे असते, सरकारकडे रंगीत नकाशा. दराची बोलणी कोण जिंकेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. नेदरलँड्समध्ये सरकारच वारा, समुद्रतळ, लाटा मोजून सगळे अहवाल बोली लावणाऱ्यांसमोर आणि नागरिकांसमोर ठेवतं. ब्रिटनमध्ये समुद्रतळाची मालकी सांभाळणारी क्राउन इस्टेट ही संस्था कंपन्यांनी गोळा केलेली सर्वेक्षणं एका खुल्या संग्रहात ठेवते. आपल्या भाडेपट्ट्यात असं एक कलम घालायला कुठलं तंत्रज्ञान लागतं? मोजणी कंपनीने केली तरी ठरावीक मुदतीनंतर ती सार्वजनिक होईल, एवढंच.

या नकाशांत आणखी एक गोष्ट दिसत नाही. उपग्रहाच्या नकाशावर समुद्र रिकामा असतो, निळ्यापासून लालपर्यंत रंगांच्या पट्ट्या आणि बस. खंबातच्या तोंडाशी, डहाणू-पालघरपासून जाफराबादपर्यंत, भरती-ओहोटीच्या ओढीवर डोल जाळी लागतात आणि त्यांत बोंबील येतो. ही जाळी वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी, समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधतात. कोणाची कव, म्हणजे जाळं बांधायची जागा, कुठे हे कोळीवाड्यांत तोंडपाठ असतं, कागदावर नसतं. वाऱ्यासाठी चौकोन आखणाऱ्याने ही माहितीही मोजणीचाच भाग समजायला हवी. वाढवणच्या निमित्ताने जो अविश्वास साठला आहे, तो पाहता हे काम चौकोन आखण्याआधी झालं तर झालं. नंतर केलेल्या जनसुनावणीला लोक काय समजतात हे पालघरमध्ये कोणालाही विचारा.

१९८६ च्या त्या ५५ किलोवॉटच्या चक्क्या आज खेळण्यासारख्या वाटतील. त्या निदान वाऱ्यात उभ्या राहून त्याच्याशी बोलल्या होत्या. पुढची निविदा निघेल तेव्हा मी तिचं पहिलं पान उघडून ‘प्राथमिक’ हा शब्द शोधणार आहे, आणि तो सापडला तर शेवटच्या पानांवर जाऊन पाहणार आहे की त्या चौकोनात कोणी, किती उंचीवर, किती महिने मोजलं, आणि ते आकडे मला कुठे वाचायला मिळतील.